महादजी शिंद्यांचा सेनानी : जनरल डी बॉयन

आमच्या वडखळच्या नाक्यावर येऊन उभें राहिलें म्हणजे रस्त्याला दोन फांटे फुटलेले दिसतात. एक फांटा धरमतरच्या खाडीकडे वळून अलिबागेस जातो आणि सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या कुलाबा किल्ल्याचें दर्शन घडवितो. दुसरा नागोठणें, कोलाड, माणगांव या गांवांवरून महाडकडे उतरतो. शाळेचा निरोप घेणाऱ्या मुलांपुढेंही दर वर्षीं असाच एक नाका येऊन ठाकतो. कोणाच्या मनांत फौजेंत जाऊन नांव मिळवावें असें असतें. कोणाच्या वडिलांस वाटतें, कीं पेणच्या बाजारांत आपलें दुकान आहे, तेंच मुलानें पुढें चालवावें. तलवार आणि तागडी या दोहोंचें कधीं जुळावयाचें नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे. आज आम्ही आमच्या वाचकांस अशा एका पुरुषाची हकीकत सांगणार आहोंत, कीं ज्यानें या दोन्ही गोष्टी हातीं धरल्या, दोहोंतही कीर्ति व संपत्ति मिळविली, आणि तरीही ज्याच्या आयुष्याच्या हिशेबांत एक मोठें देणें शेवटपर्यंत फिटावयाचें राहिलें.

हा पुरुष जन्मानें मराठा नव्हे, हिंदी तर नव्हेच. तथापि महादजी शिंदे यांनीं उत्तर हिंदुस्थानांत जो दरारा बसविला, त्याची हकीकत त्याच्या नांवावांचून पुरी होत नाहीं. त्याचें नांव जनरल डी बॉयन.

आल्प्स पर्वताच्या कुशींत सॅव्हॉय नांवाचा एक लहानसा डोंगरी प्रांत आहे. आज तो फ्रान्स देशांत मोडतो. त्या काळीं तो सार्डिनियाच्या राजाच्या अंमलाखालीं होता. शांबेरी हें त्याचें मुख्य शहर. तेथें ता. ८ मार्च १७५१ रोजीं आमच्या चरित्रनायकाचा जन्म झाला. त्याचें मूळचें नांव बेन्वा लेबोर्न्य; डी बॉयन हें रूप त्यानें पुढें स्वतःच घेतलें. बाप केसाळ कातड्यांचा व्यापारी होता. मुलानें कायद्याचा अभ्यास करावा, वकील होऊन घराण्याचें नांव वाढवावें, अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु मुलाचें मन दूरच्या देशांकडे ओढ घेत असे. बापाच्या दुकानांत दूरदूरच्या मुलुखांतील कातडीं येत, त्यांचा भाव ठरे, वहींत नोंद होई. हें सर्व पाहत तो वाढला. दुकान त्यानें सोडलें, परंतु दुकानांत लागलेली नोंद ठेवण्याची संवय त्याला कधीं सुटली नाहीं, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

वयाच्या सतराव्या वर्षीं, म्हणजे १७६८ सालीं, तो फ्रान्सच्या राजाच्या चाकरींतील क्लेअर नांवाच्या आयरिश पलटणींत दाखल झाला. ही पलटण कडक शिस्तीसाठीं प्रसिद्ध होती. रांगेंत कसें उभें राहावें, बंदूक कशी भरावी, हुकूम होतांच पाऊल कसें उचलावें, हें तो तेथें शिकला. पलटणीबरोबर मॉरिशस बेटापर्यंत त्याचा प्रवास घडला. परंतु बढती होईना, तेव्हां कांहीं वर्षांनीं त्यानें ती नोकरी सोडली व रशियाच्या बाजूनें तुर्कांशीं लढण्यास तो गेला. तेथें दैवानें त्याचा पुरा उपहास केला. टेनेडॉस बेटाजवळच्या एका चकमकींत तो तुर्कांच्या हातीं सांपडला आणि कॉन्स्टँटिनोपल येथें कैदेंत पडला. कांहीं महिन्यांनीं सुटका झाली, ती रिकाम्या हातानें. पुढें मिसर देशावरून मजल दरमजल करीत १७७८ सालीं तो मद्रासेस उतरला, तेव्हां त्याची इतकी हलाखी होती, कीं पोट भरण्यासाठीं त्याला तलवारबाजीचे धडे द्यावे लागले.

मुलांनो, येथें क्षणभर थांबून त्याच्या स्थितीचा विचार करा. सत्ताविसाव्या वर्षीं त्याच्यापाशीं ना पैसा होता, ना हुद्दा, ना कोणी पाठीराखा. दोन राजांची चाकरी करून त्याच्या पदरांत कांहींच पडलें नव्हतें. आपल्यापैकीं पुष्कळजण एखाद्या परीक्षेंत अपयश आलें, कीं सर्व संपलें असें समजून घरीं बसतात. डी बॉयन बसला नाहीं.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सहाव्या मद्रास पलटणींत त्याला एन्साइन, म्हणजे अगदीं खालच्या अधिकाऱ्याची जागा मिळाली. १७८० सालीं हैदर अल्लीनें कांचीपुरमच्या जवळ कर्नल बेली याच्या तुकडीचा पुरा संहार केला. त्या वेळीं डी बॉयन दुसऱ्या कामगिरीवर गेलेला असल्यामुळें वांचला. पुढें बढतीच्या प्रकरणीं मनासारखा न्याय न मिळाल्यामुळें त्यानें १७८२ सालीं कंपनीची नोकरीही सोडली आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचीं शिफारसपत्रें घेऊन तो लखनौस आला.

लखनौ हें त्या वेळीं नबाब असफउद्दौला याच्या राजधानीचें वैभवशाली शहर होतें. तेथें त्याची एका विलक्षण गृहस्थाशीं ओळख झाली. हा क्लॉड मार्टिन. फ्रान्समधील लिआँ शहरीं १७३५ सालीं जन्मलेला हा मनुष्य कंपनीच्या फौजेंत शिरला व मेजर जनरल होऊन १८०० सालीं लखनौस मरण पावला. फौजेचा हुद्दा कायम ठेवून त्यानें नीळ, सावकारी व घरें बांधणें या धंद्यांत अपार पैसा मिळविला आणि मरतांना तो शिक्षणासाठीं ठेवला. लखनौ, कलकत्ता व लिआँ येथील ला मार्टिनिएर विद्यालयें त्याच्या मृत्युपत्रांतून उभीं राहिलीं. शिपायानें व्यापार केला तर त्याचें शौर्य उणें होत नाहीं, हा धडा डी बॉयन यानें मार्टिनपासून घेतला. लखनौच्या मुक्कामांत त्यानें फारसी व हिंदुस्तानी या भाषांचाही अभ्यास केला. ज्या देशांत भाकर मिळवावयाची, त्या देशाची भाषा शिकलीच पाहिजे, हें त्यानें ओळखलें होतें.

१७८३ सालीं तो लखनौहून निघाला. महादजी शिंद्यांच्या छावणीच्या आसपास त्याचें सामान चोरीस गेलें. त्यांतच शिफारसपत्रें व हुंड्याही गेल्या. ही चोरी महादजींच्या माणसांनींच करविली असा इतिहासकारांचा तर्क आहे. चिडून त्यानें महादजींच्या शत्रूंस ग्वाल्हेरच्या बाबतींत मदत करण्याची योजना आंखली. ती योजना तडीस गेली नाहीं. परंतु महादजींच्या चाणाक्ष नजरेस हा मनुष्य भरला. पानिपतच्या रणांगणावरून १७६१ सालीं एक पाय कायमचा अधू होऊन परतलेले महादजी हे माणसांचे मोठे पारखी होते. पाश्चात्य पद्धतीच्या कवायती पायदळापुढें केवळ घोडदळाचा निभाव लागत नाहीं, हें इंग्रजांशीं लढतांना त्यांच्या प्रत्ययास आलें होतें. राग बाजूस ठेवून त्यांनीं १७८४ सालीं त्याच डी बॉयन यास बोलाविलें व दोन पलटणी उभ्या करण्याचें काम सांगितलें.

करार असा झाला, कीं डी बॉयन यास दरमहा १००० रुपये व दर शिपायामागें ८ रुपये मिळावे. डी बॉयन यानें शिपायाचा पगार साडेपांच रुपये ठरविला व उरलेल्या रकमेंतून अधिकाऱ्यांचा व इतर खर्च भागविला. इंग्रजांविरुद्ध आपण शस्त्र धरणार नाहीं, अशीही अट त्यानें घातली होती. वाचकांस वाटेल, कीं हा कसला शूर, हा तर दुकानदार! आम्हांस मात्र वाटतें, कीं त्याच्या यशाची किल्ली नेमकी येथेंच आहे. त्या काळीं हिंदुस्थानांतील फौजांचे पगार महिनोन् महिने थकत. शिपाई धरणें धरून बसत, सरदारांस कोंडीत, लुटीवर गुजराण करीत; ऐन लढाईच्या दिवशीं पगारासाठीं अडून बसण्याचेही प्रकार होत. डी बॉयन याच्या पलटणींत पगार ठरलेला असे व तो ठरलेल्या वेळीं हातावर पडे. म्हणून त्याचा शिपाई लुटीसाठीं रांग सोडून धांवत नसे. रांग मोडली नाहीं म्हणून लढाया जिंकल्या गेल्या. जें श्रेय लोक तोफांस देतात, त्यांतील मोठा वांटा पगारपत्रकाचा आहे.

१७८७ सालीं जयपूरच्या मुलुखांत लालसोट येथें महादजींवर मोठा प्रसंग गुदरला. त्यांच्या फौजेंतील मोंगल सरदार व पलटणी फितूर होऊन शत्रूस मिळाल्या. त्या आणीबाणींत डी बॉयन याच्या दोन पलटणी राठोडांच्या घोडदळापुढें भिंतीसारख्या उभ्या राहिल्या, आणि माघार घेणाऱ्या मराठी फौजेचें रक्षण झालें. पुढें जून १७८८ मध्यें आग्र्याजवळच्या लढाईंत इस्माइलबेग याचा मोड झाला व महादजींचा जम पुन्हां बसला. डी बॉयन यानें आतां दोन पलटणींच्या दहा कराव्या अशी सूचना केली. खजिना रिकामा असल्यामुळें महादजींस ती पटली नाहीं. तेव्हां त्यानें राजीनामा दिला व रुसवेफुगवे न करितां तो लखनौस परतला.

येथें त्याच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो. तलवार खुंटीस टांगून त्यानें मार्टिनच्या साह्यानें व्यापार मांडला. मालाची खरेदीविक्री, वखारी, व्याजबट्टा यांत त्यानें लक्ष घातलें आणि थोड्याच काळांत चांगला जम बसविला. कालपर्यंत तोफांच्या धुरांत वावरणारा सेनानी आज कापडाचे गठ्ठे मोजतो आहे, याची त्याला लाज वाटली नाहीं. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस वडिलांच्या दुकानांत गादीवर बसण्याचा संकोच वाटतो, म्हणून ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहों.

परंतु महादजींस त्याची उणीव भासूं लागली. १७९० च्या सुमारास त्यांनीं त्यास परत बोलाविलें आणि या वेळीं दहा पलटणींचा एक पुरा कंपू उभा करण्याची परवानगी दिली. पुढें असे तीन कंपू झाले. आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा ओतल्या जाऊं लागल्या. निशाणावर डी बॉयन यानें आपल्या सॅव्हॉय प्रांताचा पांढरा क्रूस घातला होता. फौजेच्या खर्चासाठीं महादजींनीं त्यास गंगा-यमुनेच्या दुआबांतील महाल तोडून दिले; अलीगड हें त्याचें ठाणें झालें. तेथील वसुलाचा हिशेब तो जातीनें पाही. रात्रीं उशिरापर्यंत कागदपत्रें व पहाटे कवायत, असा त्याचा क्रम असे. लढाईंत जखमी झालेल्यांस बक्षीस, कायमचे जायबंदी झालेल्यांस तनखा व जमीन, अशी व्यवस्था त्यानें लावून दिली. अशी तजवीज त्या काळच्या फौजांत क्वचितच आढळे.

या कंपूनें एका वर्षांत दोन मोठ्या लढाया मारल्या. ता. २० जून १७९० रोजीं राजपुतान्यांत पाटण येथें इस्माइलबेग व राजपूत यांच्या एकत्र फौजेचा पराभव झाला आणि शंभरांहून अधिक तोफा मराठ्यांच्या हातीं आल्या. ता. १० सप्टेंबर रोजीं मेडत्याची लढाई झाली. तेथें एका अधिकाऱ्यानें हुकुमाची वाट न पाहतां तीन पलटणी पुढें नेल्या आणि डाव फसण्याची वेळ आली. जोधपूरच्या राठोडांचें केशरी पोषाखांतील घोडदळ प्राणांवर उदार होऊन तुटून पडलें. डी बॉयन यानें तत्काळ पलटणींचा पोकळ चौकोन रचला. राठोड स्वार चहूं बाजूंनीं पुनः पुनः आदळले व बंदुकांच्या माऱ्यांत पडले. त्यांच्या शौर्याचें कौतुक त्यांच्या शत्रूंनींही केलें. शौर्य दोन्ही बाजूंस सारखेंच होतें. जय शिस्तीचा झाला.

तिसरी लढाई मात्र मराठी मनास यातना देणारी आहे. १७९३ सालीं लाखेरीच्या खिंडींत शिंदे व होळकर समोरासमोर आले. पानिपतानंतर ज्यांनीं खांद्यास खांदा लावून उत्तरेंत मराठ्यांचें निशाण पुन्हां रोंविलें, तींच हीं दोन घराणीं. शिंद्यांकडे गोपाळरावभाऊ, जिवबादादा बक्षी व डी बॉयन. तुकोजी होळकरांकडे दुद्रेनेक नांवाच्या फ्रेंच सरदारानें शिकविलेल्या चार पलटणी. लढाईच्या धुमश्चक्रींत डी बॉयन याच्या दारूगोळ्याच्या गाड्यांनीं पेट घेतला व मोठा स्फोट झाला. तरी त्याच्या रांगा मोडल्या नाहींत. होळकरांच्या पलटणी जवळजवळ नाहींशा झाल्या. आपल्या साऱ्या लढायांत ही सर्वांत निकराची झाली, असें डी बॉयन मानीत असे. आम्ही मात्र ही लढाई शिकवितांना नेहमीं विचारांत पडतों. हातीं आलेलें उत्तम हत्यार कोणावर चालवावयाचें, हें हत्यार सांगत नाहीं. तें धन्यास ठरवावें लागतें.

ता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडी येथें महादजींचें देहावसान झालें. आज तेथें शिंद्यांची छत्री उभी आहे. पुण्यास गेल्यावर आमच्या वाचकांनीं ती अवश्य पाहावी. महादजींच्या मागें तरुण दौलतराव गादीवर आले. डी बॉयन यानें त्यांचीही चाकरी एकनिष्ठेनें केली. परंतु उत्तरेच्या हवेनें व अति श्रमांनीं त्याची प्रकृति ढांसळली होती. त्यानें निरोप मागितला. जातांना त्यानें दौलतरावांस सल्ला दिला, कीं इंग्रजांशीं युद्ध करूं नये. तसाच प्रसंग आला तर पलटणी मोडाव्या, परंतु लढाईस उभें राहूं नये. हा सल्ला दूरदृष्टीचा कीं स्वतःच्या जुन्या अटीस धरून दिलेला, याविषयीं मतें निरनिराळीं असूं शकतील. १८०३ सालीं युद्ध जुंपलेंच. डी बॉयन याच्या जागीं आलेला पेराँ शत्रूच्या आश्रयास गेला. ४ सप्टेंबरला अलीगड पडलें. ११ सप्टेंबरला दिल्लीजवळ व १ नोव्हेंबरला लासवारी येथें उत्तरेंतील पलटणी धारातीर्थीं पडल्या. सेनापति नाहींसा झाला तरी शिकविलेली शिस्त राहिली होती. लासवारीस त्या शिपायांनीं जागा सोडली नाहीं, हें त्यांच्या शत्रूंनींही मान्य केलें आहे.

डी बॉयन १७९६ सालीं कलकत्त्याहून जहाजावर चढला. त्याची मिळकत सुमारें चार लक्ष पौंडांची होती असें सांगतात. रिकाम्या खिशानें मद्रासेस उतरलेला मनुष्य अठरा वर्षांत युरोपांतील धनाढ्यांत गणला जाऊं लागला. सन्मानही मागोमाग आले. फ्रान्सच्या अठराव्या लुई राजानें त्यास सेनानीचा हुद्दा, सेंट लुईचें पदक व लेजन ऑफ ऑनर हें भूषण दिलें. सार्डिनियाच्या राजानें १८१६ सालीं काउंट ही पदवी दिली. केसाळ कातडीं विकणाऱ्याचा मुलगा उमराव झाला.

आतां आम्हांस त्या देण्याविषयीं लिहिलें पाहिजे, ज्याचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला. पालक कदाचित् म्हणतील, कीं मुलांच्या मासिकांत ही गोष्ट कशाला? आमचें मत असें आहे, कीं थोर पुरुषाचें चरित्र सांगावयाचें तर जमेची बाजू वाचून वही मिटूं नये.

हिंदुस्थानांत असतां डी बॉयन यानें नूर नांवाच्या एका मुसलमान स्त्रीशीं तिच्या धर्माच्या रीतीनें विवाह केला होता. तिच्यापासून त्यास बानू ही मुलगी व अलीबक्ष हा मुलगा झाला. या तिघांस तो इंग्लंडांत घेऊन आला. तेथें मुलांस ॲन व चार्ल्स अलेक्झांडर अशीं नांवें मिळालीं व आई हेलन बेनेट या नांवानें ओळखली जाऊं लागली. परंतु तेथील उंची समाजांत मिरवावयाचें, तर अशी पत्नी त्याला अडचणीची वाटली असावी. ता. ११ जून १७९८ रोजीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें ॲडेल डॉस्मों नांवाच्या सतरा वर्षांच्या फ्रेंच उमरावकन्येशीं लग्न केलें. हेलनला त्यानें वर्षासन बांधून दिलें व ती निराळी राहूं लागली. ॲडेलशीं त्याचें कधीं जमलें नाहीं. कांहीं वर्षांतच दोघें वेगळीं झालीं. ॲडेलच्या आठवणींचा ग्रंथ १९०७ सालीं प्रसिद्ध झाला व युरोपांत फार गाजला; त्यांत तिनें नवऱ्याविषयीं कडवट लिहिलें आहे. मुलगी ॲन लहान वयांतच वारली. हेलन मात्र इंग्लंडांतील हॉर्शम या गांवाजवळ एकाकीपणें दीर्घकाळ राहिली व १८५३ सालीं तेथेंच मरण पावली. ज्या देशांत तिचें कोणी नव्हतें, त्या देशाच्या मातींत तिला विसावा मिळाला.

ज्यानें आपल्या एकाही शिपायाचा पगार थकूं दिला नाहीं, जायबंदी शिपायास जमीन दिल्याशिवाय ज्याच्या मनास स्वस्थता वाटली नाहीं, त्यानें आपल्या सहधर्मचारिणीचा हिशेब वर्षासनावर मिटविला. पैसा त्यानें बुडविला नाहीं, हें खरें. परंतु कांहीं देणीं अशीं असतात, कीं तीं पैशानें फिटत नाहींत. दुकानाच्या वहींत तीं लिहिलेलीं नसतात, म्हणून त्यांचा विसर पडतो. विसर पडला तरी तीं देणीं राहतातच.

१८०२ सालीं डी बॉयन आपल्या जन्मगांवीं परतला व ब्विसाँ राँ नांवाच्या वाड्यांत राहूं लागला. उतारवयांत त्याला जणूं एकच ध्यास लागला होता. शांबेरीच्या गोरगरिबांसाठीं त्यानें लक्षावधि फ्रँक ओतले. वृद्धांसाठीं आश्रम, भिकाऱ्यांसाठीं निवारा, वेड्यांसाठीं इस्पितळ, रुग्णालयांत नव्या खाटा, परमुलखांतून येऊन आजारी पडलेल्या वाटसरूंची सोय, विद्यालयास देणगी, गरीब मुलींच्या लग्नास मदत, अशी त्याच्या दानाची यादी लांबलचक आहे. जुन्या अरुंद गल्ल्या पाडून शहराच्या मध्यांतून कमानींचा रुंद रस्ता काढण्यांत आला, तोही त्याच्याच पैशानें. राजस्थानचा इतिहासकार कर्नल टॉड हा त्याला १८२६ च्या सुमारास शांबेरीस जाऊन भेटला होता, आणि मेडत्याच्या जुन्या गोष्टी दोघांनीं आठवल्या. पहिल्या पत्नीपासून झालेला मुलगा चार्ल्स यास त्यानें आपला वारस केलें; पुढें काउंट ही पदवीही त्याच्याकडेच आली. निदान या एका बाबतींत त्यानें आपली चूक अंशतः भरून काढली, असें म्हणावयास हरकत नाहीं. ता. २१ जून १८३० रोजीं, एकोणऐंशीव्या वर्षीं, त्यानें देह ठेवला.

१८३८ सालीं शांबेरीच्या लोकांनीं त्याच्या स्मरणार्थ एक कारंजें उभारलें. मधोमध उंच खांब असून त्यावर सेनानीचा पुतळा आहे, आणि पायथ्याशीं चार दिशांस तोंडें केलेले चार हत्ती आहेत. हत्तींचे पुढचे अर्धेच देह खांबांतून बाहेर आलेले असल्यामुळें गांवचे लोक त्यांची अजूनही थट्टा करितात. बर्फाच्या डोंगरांत हत्ती कसले, असें परक्या प्रवाशास वाटतें. आपणांस मात्र त्यांचें कोडें पडावयास नको. ते हत्ती आपल्याकडचे आहेत.

तेथेंच आणखी एक विचार मनांत येतो. शांबेरीचे आश्रम ज्या पैशानें उभे राहिले, तो पैसा मूळ कोणाचा? दुआबांत उन्हातान्हांत नांगर धरणाऱ्या रयतेचा, आणि लढायांत पडलेल्या अनाम शिपायांच्या रक्ताचा. पीक एका मुलुखांत निघालें व कणगी दुसऱ्या मुलुखांत भरली. वडखळ, पेण, रोह्याकडील खारजमिनींत राबणाऱ्यांच्या मुलांस हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. डी बॉयन यानें आपल्या जन्मभूमीचें ऋण फेडलें, हें त्यास भूषणावह आहे; ज्या भूमीनें त्यास मोठें केलें तिचें ऋण मात्र अर्धेंच फिटलें.

मग या पुरुषास थोर म्हणावें कीं नाहीं? आमचें उत्तर असें आहे, कीं त्याचे गुण निःसंकोच घ्यावे. दोनदां, तीनदां पडूनही तो उठला. परकी भाषा तो आवडीनें शिकला. हाताखालच्या मनुष्याचा पैसा त्यानें वेळच्या वेळीं दिला. तलवारीची प्रौढी मिरवून त्यानें तागडीस हीन लेखिलें नाहीं, आणि तागडी हातीं घेतली म्हणून त्याची तलवार बोथट झाली नाहीं. फौजेंत जाणाऱ्या मुलानें त्याच्यापासून हिशेबाचा चोखपणा शिकावा; दुकानावर बसणाऱ्या मुलानें त्याची शिस्त व धैर्य शिकावें.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडील दुकानांतून नव्या वह्या उघडल्या जातात. पहिल्या पानावर कुंकू लागतें व जुन्या वर्षाची बाकी नव्या वहींत ओढली जाते. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्या वेळीं वडिलांच्या शेजारीं बसून ती रीत पाहावी, आणि मनांतल्या मनांत आणखी एक वही उघडावी. आईनें पहाटे उठून चूल पेटविली, थोरल्या भावानें शाळा सोडून नांगर धरला म्हणून आपणांस शाळेंत बसतां आलें, घरच्या माणसांनीं आपल्यासाठीं पोटास चिमटा घेतला, अशा रकमा त्या वहींत लिहाव्या. मुंबईस, परदेशांत किंवा फौजेंत कोठेंही गेलांत आणि मोठे झालांत, तरी ती वही बरोबर असूं द्यावी. जनरल डी बॉयन याच्या हिशेबांत एवढी एकच वही कमी होती.